मित्राची कवळी

टापटीपच्या कामाच्या खोलीत शिरलं की आधी दिसतात ते दात. भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, वरचे वर, खालचे खाली, आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे. नवखा माणूस दचकतो. आपण अजून तोंडही उघडलं नाही आणि अख्खी फळी आपल्याला हसतेय, असं त्याला वाटतं.

घरच्यांनी ठेवलेलं नाव काहीतरी भारदस्तच असणार, पण ते आता फक्त दारावरच्या पाटीपुरतं उरलंय. जग त्याला टापटीप म्हणतं. धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, हा त्यात प्लास्टर ओततो, साचा काढतो, मेणावर एकेक दात मांडतो आणि शेवटी गुलाबी, चकचकीत कवळी डबीत घालून परत पाठवतो. आयुष्य असं जबड्यांकडे बघण्यात गेल्यामुळे रस्त्यात भेटलेल्या माणसाच्याही डोळ्यांऐवजी तो तोंडाकडे बघत बोलतो. यावरून लग्नाच्या आधी थोडे गैरसमज झाले होते. जाऊ द्या. बायको अजून सांगते, "लग्नाच्या फोटोत यांनी पाहुण्यांना उंचीप्रमाणे उभं केलं होतं. माझी आई बुटकी, ती बिचारी एका टोकाला, माझ्यापासून कोसभर लांब."

ती आई म्हणजे टापटीपच्या सासूबाई. हल्ली त्या लेकीकडेच असतात. त्यांच्याकडे येऊच.

आता कवळी करणारी माणसं ही एकांडी जमात. गावात दोघं असले तर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि एकच असला तर अडल्यावर विचारणार कोणाला? म्हणून फार वर्षांपूर्वी एका जाणत्या कारागिरानं इंटरनेटवर या मंडळींसाठी फोरम, म्हणजे चर्चेचा कट्टा, काढला. नाव ठेवलं ‘तोंडओळख’. स्वतः तो तिथं ‘अक्कलदाढ’ म्हणून लिहायचा. बाकीच्यांनीही टोपणनावं घेतली, पण तो नुसता देखावा. कोणाची लॅब बेकरीच्या माडीवर आहे, कोणाचं बायकोशी पटत नाही, कोण साचे वेळेवर देत नाही, हे सगळ्यांना सगळं ठाऊक. टापटीप निम्मं काम तिथंच शिकला. अक्कलदाढ यांना त्यानं एकदाच प्रत्यक्ष पाहिलं होतं, पण बोलताना ‘गुरुजी’ म्हणायचा, आणि ते मनापासून असायचं.

एक दिवस गुरुजींचा फोन आला.

"अरे, मला आता अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. सून वाचून दाखवते तेवढंच. फोरमच्या किल्ल्या तू घे."

"गुरुजी, मी?"

"मग काय शेजाऱ्याला देऊ? तुझ्यासारखा व्यवस्थित माणूस दुसरा नाही. एकच बघ, फोरम बोलता राहिला पाहिजे. थंडी संपेपर्यंत तुला सोपवला. तोवर लोक गप्प झाले तर कुलूप लावून टाकू. मुका फोरम ठेवून करायचंय काय? तोंडभर दात आणि घास उतरत नाही, अशी गत."

टापटीपनं पासवर्ड असा लिहून घेतला जसा कोणी दागिना ओंजळीत घ्यावा. पुढे फोरमची पानं तो मालकाच्या नजरेनं बघायला लागला.

सगळा उकिरडा! सगळं एकाच विभागात, त्याचं नाव ‘किरकोळ’. मेणाचा प्रश्न विचारलेल्या धाग्यात, म्हणजे त्या प्रश्नाखालच्या चर्चेत, कोणाच्या तरी मांजरीचं बाळंतपण. कवळीच्या अ‍ॅक्रिलिकला बुडबुडे येतात यावरचं सोन्यासारखं उत्तर एका भांडणाच्या मधोमध पुरलेलं. आणि सर्चची तर दैनाच. काहीही शोधा, समोर जी शीर्षकं येत ती सगळी एकासारखी एक: ‘माझ्या एका मित्राच्या लॅबमध्ये एक…’, ‘माझ्या एका मित्राच्या भट्टीत एक…’ पुढचं पडद्यावर मावतच नसे. मुख्य रोग शीर्षकाच्या शेपटीत आणि डोकं मित्रांनी अडवलेलं. कवळीवाल्यांना इतके मित्र असतात हे जगात कोणाला ठाऊक नसेल.

टापटीपनं बाह्या वर केल्या. साचा, मेण, दातांची मांडणी, भट्टी, पॉलिश, असे स्वच्छ विभाग पाडले. मांजरीला वेगळी खोली दिली. बरोबर उत्तरापुढे हिरवी खूण आली. जुनी रत्नं लोकांना दिसावीत म्हणून पहिल्या पानावर ‘आजचा प्रश्न’ सुरू केला. रोज एक जुना धागा आपोआप वर यायचा, विचारणाऱ्याच्या टोपणनावासकट. आणि शेवटी, सर्च सुधारण्यासाठी, एका बटणात त्यानं फोरमच्या सगळ्या शीर्षकांमधून ‘एका मित्राच्या’ हे शब्द उडवले. उरलं ‘माझ्या’. किती सुटसुटीत! त्या दिवशी तो शीळ घालत जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आजचा प्रश्न झळकला: ‘माझ्या भट्टीत दात काचेसारखे का होतात? — भट्टीवाली.’

आता ही भट्टीवाली म्हणजे कोण? पोर्सिलेनचे दात भाजण्यात जिचा हात धरणारा नाही ती बाई. भट्टीचं तापमान सांगताना ती आकडा सांगत नाही, हुकूम सोडते. तिच्या भीतीनं लोक घरातल्या ओव्हनलासुद्धा वचकून असतात. तिनं कधीकाळी ‘मित्रा’च्या नावानं विचारलेला हा बाळबोध प्रश्न आता तिच्या नावासकट वेशीवर टांगला गेला होता.

त्याच्या पुढच्या दिवशी: ‘माझ्या हातून वरचे दात खालच्या साच्यावर मांडले गेले, आता काय करू? — अक्कलदाढ.’

हे गुरुजींना त्यांच्या सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना ती मध्ये एकदा पाणी प्यायला उठली, असं ऐकिवात आहे. हसू आलेल्या सुनेला तहान फार लागते.

आणि फोरम गप्प झाला.

एक धागा नाही, एक प्रतिसाद नाही. गंमत अशी की कोणी तक्रारही करेना. करणार कशी? ‘माझा मित्र परत द्या’ म्हणायचं म्हणजे मित्र नव्हताच, हे कबूल करण्यासारखं. चोराला विंचू चावला की तो ओरडत नाही, ती तऱ्हा. ओरडला तो एकटाच, ‘जबडा’ नावाचा एक कारागीर, कारण त्याचा मित्र खराखुरा होता.

"काय चालवलंयस तू?" तो फोनवर कडाडला. "मी लिहिलं होतं, माझ्या एका मित्राच्या बायकोला नव्या कवळीत हसता येत नाही. तू केलंस, माझ्या बायकोला हसता येत नाही! तिचे बत्तीसच्या बत्तीस स्वतःचे आहेत!"

"अरेरे. वहिनींनी वाचलं?"

"वाचलं? म्हणाली, दातांचं जाऊ दे, हसायला कारण तरी कधी दिलंत? चार दिवस पाव आणि लोणी खातोय मी!"

टापटीपनं माफी मागितली आणि तेवढं एक शीर्षक नीट केलं. एवढ्या मोठ्या कामात एखादी चूक व्हायचीच, असं त्यानं मनाला समजावलं. मग लोक का बोलत नाहीत? सोयी कमी पडत असतील. त्यानं आणखी सोयी केल्या. जास्त उत्तरं देणाऱ्याला चांदीचा दात, त्याहून जास्त देणाऱ्याला सोन्याचा, अशी नावापुढे छोटी चित्रं ठेवली. गप्प बसलेल्यांना आपोआप निरोप जाऊ लागला: ‘बरेच दिवस आपण बोलला नाहीत. काही विचारायचं आहे का?’ हा निरोप भट्टीवालीला गेला तेव्हा तिनं कॉम्प्युटरच बंद केला आणि वर कापड टाकलं, पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसं.

थंडी कमी होत चालली होती. टापटीप सकाळी उठून आधी फोरम उघडायचा आणि फळीवरच्या जबड्यांकडे बघायचा. दोन्हीकडे सारखीच शांतता.

इकडे सासूबाई.

त्यांची नवी कवळी टापटीपनं स्वतः घडवली होती. माप डॉक्टरांनी घेतलं, पण दात याचे, मांडणी याची, पॉलिश तर असं की चमच्यात बघावं तसं त्यात तोंड दिसावं. आल्यागेल्याला तो सांगे, "यांच्या तोंडात माझं सर्वांत चांगलं काम आहे." सासूबाई मान डोलवीत, पण पूर्वीसारखं बोलत नसत. पूर्वी ही बाई खिडकीत बसून समोरच्या औषधवाल्या बाईशी गल्लीपलीकडून गप्पा मारायची, आणि मधून जाणाऱ्या माणसालाही त्यात ओढायची. हल्ली नुसता हात हलवायच्या. वय झालं, टापटीपला वाटलं.

एकदा चहा घेताना त्यांनी विषय काढला.

"जावईबापू, एक विचारू का?"

"विचारा की."

"माझी एक मैत्रीण आहे. तिनं नवी कवळी केली. बोलताना मधूनच वारा वाजतो म्हणे."

"शिट्टी वाजते?" टापटीप पुढे सरकला. "कोणी केली?"

"आहे कुणीतरी. बिचारा फार मन लावून काम करतो म्हणे."

"मन लावून काय होतंय? डोकं लावायला हवं! अडाणी असणार. तोंड म्हणजे काय बासरी आहे? तुमच्या मैत्रिणीला सांगा, ती कवळी नेऊन त्याच्या टेबलावर आपटा."

सासूबाईंनी चहाच्या कपात बघितलं. "तिला नाही हो जमणार. फार भला आहे तो."

"भला असेल, पण गाढव आहे."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "कळवते तिला."

ओट्यापाशी उभ्या असलेल्या बायकोच्या हातातलं पातेलं दणकन खाली बसलं. आपला चहा संपवून सासूबाई उठून आत गेल्या, आणि बायको पदर खोचून समोर येऊन बसली.

"गाढव कोण, कळलं का तुम्हाला?"

"कोण?"

"अहो, आईला कुठली आलीय मैत्रीण? तिच्या मैत्रिणी निम्म्या वर गेल्या, निम्म्या बहिऱ्या झाल्या. बहिरीला शिट्टी कशी ऐकू येईल?"

टापटीपचा कप ओठांपाशी थांबला.

"गेल्या काही दिवसांत तिच्या तोंडून ‘साखर’ ऐकलीत? ‘गोड घाल’ म्हणते. ‘सकाळी’ म्हणत नाही, ‘उजाडल्यावर’ म्हणते. ‘स’ आला की शिट्टी वाजते म्हणून बाईनं ‘स’च टाकून दिलाय! परवा औषधवालीकडे सर्दीचं औषध हवं होतं, तर म्हणाली, ‘नाक गळतंय’. ती बिचारी रुमाल द्यायला निघाली."

"मग मला सरळ का नाही सांगितलं?"

"सरळ? तुमच्या सर्वांत चांगल्या कामाबद्दल? आठवडाभर जेवला नसतात. मैत्रीण पुढे केली की तुमचाही मान राहतो, तिचंही काम होतं. आणि तुम्ही तिच्या मैत्रिणीला काय म्हणालात? टेबलावर आपटा!"

टापटीपनं कप खाली ठेवला. सासूबाईंच्या मैत्रिणीवरून त्याचं मन भलतीकडेच गेलं होतं. त्याला एकदम फोरमवरचे ते सगळे मित्र दिसले. रांगेनं उभे, खाली मान घातलेले, आणि आपण त्यांना एकेकाला दाराबाहेर काढतोय. कोणाच्या भट्टीत दात काचेसारखे झाले त्या मित्राला काढलं. ज्यानं वरचे दात खाली मांडले त्याला काढलं. आणि त्यांच्या मागे जे लपले होते ते सगळे उघड्यावर!

तो उठला, खोलीत गेला आणि फोरमवर स्वतःचं नाव शोधलं. अगदी तळाशी, तरुणपणीचा धागा निघाला: ‘माझ्या साच्याला बुडबुडे का येतात? — टापटीप.’ तोही तेव्हा मित्राचाच होता. तो मित्र त्यानं मनात इतकी वर्षं सांभाळला होता की तो खरा होता की खोटा, हेच विसरून गेला होता.

"मेलो," टापटीप फळीवरच्या जबड्यांना म्हणाला. त्यांना तर हसायला कारण लागतच नाही.

आता मित्र परत आणायचे तर होते. पण नुसते आणून काय, पुन्हा तोच उकिरडा. सर्चमध्ये पुन्हा ‘माझ्या एका मित्राच्या’ची रांग. दोन दिवस तो कवळ्या सोडून याच कामाला लागला. बायको दारातून डोकावून जाई आणि काही न बोलता चहा ठेवी, म्हणजे काम चांगलं चाललंय असं समजावं.

झालं ते असं. प्रश्न लिहिण्याच्या जागेखाली एक छोटी चौकट आली: ‘मित्रासाठी विचारत आहे.’ त्यात खूण केली की शीर्षकात फक्त मुद्दा राही, ‘भट्टीत दात काचेसारखे होतात’, आणि विचारणाऱ्याच्या नावाच्या जागी येई ‘एक मित्र’. शोधणाऱ्याला दुखणं सापडावं, दुखणेकऱ्याचं तोंड झाकलेलं राहावं. मग जुने सगळे धागे शोधून त्यानं एकेकावर ‘एक मित्र’ बसवला. आजचा प्रश्न काढून टाकला. सोन्याचांदीचे दातही उपटले. जबड्याचा मित्र तेवढा नावासकट राहू दिला. वहिनींच्या घरी पुन्हा लोणी-पाव नको.

एवढं करूनही फोरम गप्पच. दुकानाचं दार उघडं आहे, पण पहिलं गिऱ्हाईक कोण होणार?

टापटीपनं खुर्ची ओढली. सासूबाईंची कवळी त्याला खरंच दुरुस्त करता येत नव्हती. रात्री त्यांनी वाटीत काढून ठेवलेली कवळी आणून दोनदा साचा काढून बघितला होता, मांडणीत चूक दिसत नव्हती. त्यानं लिहिलं, नेहमीसारखं, स्वल्पविरामासकट: ‘वरच्या कवळीत, “स” म्हणताना, शिट्टी वाजते. मांडणी तपासली, ठीक आहे. कवळी घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीची असून, त्यांना दुखावायचं नाही. काय करावं?’ सोबत फोटो जोडला, कवळीशेजारी मोजपट्टी ठेवून. बोट चौकटीवर थोडा वेळ अडलं. मग त्यानं खूण केली. ‘एक मित्र’.

जेवून आला तेव्हा पहिला प्रतिसाद होता. भट्टीवालीचा.

‘हा जो कोणी मित्र आहे, तो मोजपट्टी फार सरळ ठेवतो. आमच्या ओळखीचा वाटत नाही.’

खाली कोणीतरी: ‘स्वल्पविराम बघून मलाही कोणाचीतरी आठवण झाली. पण नाही, ते कधी चुकत नाहीत.’

जबडा: ‘मित्रा, ज्येष्ठ व्यक्ती सासू असेल तर देव तुझं रक्षण करो. माझ्याकडे लोणी शिल्लक आहे.’

भट्टीवाली: ‘आम्हाला काही माहीत नाही. आम्ही कोणाला विचारतही नाही. बरं, टाळूकडची बाजू किती जाड ठेवलीय तुझ्या त्या मित्रानं? मित्राच्या मित्रानं, जो असेल तो.’

मग जी झुंबड उडाली! प्रतिसादावर प्रतिसाद. कोणी दात पुढे घ्या म्हणे, कोणी मागे, दोघांची जुंपली, त्यात मांजरीची मालकीण आली आणि पिल्लांना आता दात आलेत असं सांगून गेली. टापटीपचा हात तिला तिच्या खोलीत हलवायला शिवशिवला. त्यानं तो मांडीखाली दाबून धरला.

आणि फोन वाजला.

"अरे, सूनबाईनं आत्ता वाचून दाखवलं," गुरुजी म्हणाले. "कोणा मित्राची कवळी शिट्टी मारते म्हणे."

"हो गुरुजी. बिचारा फार काळजीत आहे."

"असणारच. सासू म्हणजे चेष्टा आहे? त्याला सांग, कवळी कोरडी कर. टाळूच्या बाजूला तोंडाला लावायची पावडर भुरभुरव. तोंडात घालून एकदाच ‘स’ म्हणायला लाव. जीभ टेकली तिथली पावडर पुसली जाईल, मध्ये पांढरी पट्टी राहील. ती वाऱ्याची वाट. सुईसारखी अरुंद दिसली की समज, पुढच्या दातांमागे जाड झालंय. तिथे थोडं थोडं घास, पुन्हा पावडर, पुन्हा ‘स’. घाई करू नकोस. नको म्हणावं त्याला."

"सांगतो. तुम्हाला बरं माहीत गुरुजी."

"मला कुठलं! माझा एक मित्र होता." पलीकडे खोकल्यासारखं काहीतरी. "त्यानं एकदा वरचे दातसुद्धा खाली मांडले होते. गुणी होता, पण वेंधळा."

"असतात असे मित्र."

"असावेत. बरं, ते कुलपाचं बोललो होतो ना मी? हरवलं ते. शोधू नकोस."

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर बायकोची पावडरची डबी, छोटं घासायचं मशीन आणि मध्ये सासूबाई, न्हाव्यासारखा टॉवेल गुंडाळून.

"मैत्रिणीला सांगता येईल म्हणून करून बघू," टापटीप म्हणाला. "म्हणा, ‘स’."

शिट्टी वाजली. समोरच्या औषधवाल्या बाईनं खिडकीतून मान बाहेर काढली. कवळी बाहेर आली; पांढऱ्या पावडरीतली वाट खरंच दोऱ्याएवढी. टापटीपनं घासलं, पावडर टाकली, पुन्हा म्हणायला लावलं. बायकोची अर्धी डबी संपली आणि सासूबाईंच्या मिश्या पांढऱ्या झाल्या, पण दर खेपेला वाट थोडी रुंद होत गेली आणि शिट्टी थोडी म्हातारी. मग एकदा ‘स’ आला, आणि नुसता ‘स’च आला.

सासूबाईंनी टॉवेल भिरकावला. मग त्यांनी, कोंडून ठेवलेलं पाणी सोडावं तसं, सुरू केलं.

"साखर! सकाळ, संध्याकाळ, सर्दी! समोरची सटवी सारखी सुस्त का असते विचारू? सासरची सगळी सोंगं सांगू?" आणि खिडकीकडे धावल्या.

बायकोनं कपाळाला हात लावला. "झालं. आता मध्यरात्रीपर्यंत जेवण नाही."

बऱ्याच वेळानं, गल्लीची सगळी बातमी वसूल करून सासूबाई परत आल्या. टापटीप मशीन पुसून डबीत ठेवत होता. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जावईबापू, माझी मैत्रीण सुखात आहे हो. सांगत होती, तिचा तो कवळीवाला सोन्यासारखा माणूस आहे. गाढव मुळीच नाही."

टापटीपनं डबीचं झाकण बंद केलं, ते चारही बाजूंनी सारखं बसलंय ना हे बघितलं.

"कळवतो त्याला," तो म्हणाला. "माझा मित्रच आहे तो."